'टेंडर' आणि 'हळवा'

'टेंडर' ह्या इंग्रजी विशेषणाचा अर्थ विद्यार्थी 'कोमल' ह्या एका शब्दावर भागवितात. परंतु कोवळी पालवी, दुखरी जखम व मायाळू मन ही तिन्ही 'टेंडर'च होत. लॅटिन 'तेनेर' हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. सरकारी कामाचे टेंडर निराळे. ते 'पुढे करणे' ह्या अर्थाच्या क्रियापदापासून निघाले.

मनापुरता मराठीत ह्याच्या अगदी जवळचा शब्द, आमच्या मते, 'हळवा'. संस्कृत 'लघु', प्राकृत 'हलुअ', त्यावरून 'हळवा'. शिळफाट्याकडील शेतकऱ्यास तो समजावून सांगणे नको! हलक्या, उंच जमिनीतील लवकर पिकणारे भात हळवे. उशिरा पिकणारे गरवे, म्हणजे 'गुरु'. हळवे मनही तसेच, थोडक्यात भरून येणारे. जखमेस मात्र आपण दुखरीच म्हणतो.