आतड्यातला संधिवात

शस्त्रक्रियेत काढलेला लहान आतड्याचा तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरून आम्हा पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर येतो. लांबी मोजायची, कात्रीने उभा उघडायचा आणि आतली बाजू नीट न्याहाळायची. रक्तपुरवठा तुटलेला भाग काळपट जांभळा दिसतो, तिथली भिंत पातळ होते, कुठे आरपार छिद्र पडलेलं असतं.

सोबतच्या फॉर्मवर अनेकदा एवढंच लिहिलेलं असतं: पोटात तीव्र वेदना, आतड्याला छिद्र. एका फॉर्मवर मात्र खाली आणखी एक ओळ होती: बरीच वर्षं रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, स्टिरॉइड चालू. संधिवाताच्या या प्रकाराची ती नोंद वाचून मी जास्तीचे तुकडे घेतले. छिद्राची कड आणि कापलेली दोन्ही टोकं नेहमीच घेतो. या वेळी छिद्रापासून दूरची भिंत घेतली आणि आतड्याला लागून असलेली चरबीही बारीक चिरली, कारण आतड्याच्या धमन्या तिच्यातूनच येतात.

दूरचा भाग घेण्याला कारण आहे. कुठल्याही जखमेशेजारच्या रक्तवाहिन्या सुजतातच; त्यावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय संधिवाताच्या रुग्णाच्या पोटात जखम दिसली, तर वेदनाशामक गोळ्यांचा संशय आधी घ्यायचा असतो. संधिवातातून होणारा रक्तवाहिन्यांचा दाह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, त्या मानाने फार विरळा.

तुकडे बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघाले. पहिल्या कापात छिद्रापासून दूरच्या धमन्या ठीक होत्या. हा दाह धमनीला सलग धरत नाही, मधूनमधून धरतो, म्हणून ब्लॉक आणखी खोल कापायला सांगितला. तिथे तो सापडला. म्यूकोसाखालच्या, म्हणजे आतल्या अस्तराखालच्या, एका लहान धमनीच्या भिंतीत भडक गुलाबी, रचना हरवलेला पट्टा होता, भोवती न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, पोकळीत गुठळी. लवचीक तंतू काळे दाखवणारं रंजक वापरलं, तेव्हा निरोगी धमनीत वळ्यावळ्यांनी फिरणारी काळी रेघ इथे अर्ध्यावर तुटलेली दिसली.

एंडोस्कोपीतून घेतलेला वरवरचा तुकडा अनेकदा या थरापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे असा तुकडा निर्दोष आला, तरी आजार नाही असं म्हणता येत नाही.

हा दाह बहुधा जुन्या संधिवातात होतो. रक्तातला रूमॅटॉइड फॅक्टर खूप वाढलेला, त्वचेखाली गाठी, धूम्रपानाची सवय अशा रुग्णांना धोका जास्त. पुष्कळदा तोवर सांधे शांत झालेले असतात, म्हणून पोटदुखीचा त्यांच्याशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. त्यातच स्टिरॉइडमुळे पोट कडक होणं, ताप येणं ही लक्षणं झाकली जातात.

अहवाल टाइप होण्याआधी मी सर्जनना फोन केला. खराब आतडं काढून हा आजार संपत नाही. तोच दाह उरलेल्या आतड्यात, मज्जातंतूंत, त्वचेत असू शकतो. मोठ्या मात्रेतलं स्टिरॉइड आणि सोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब द्यायचं का, हे संधिवाततज्ज्ञांना लगेच ठरवावं लागतं, तेही जंतुसंसर्ग आणि शस्त्रक्रियेची ताजी जखम सांभाळून.

मेथोट्रेक्सेट आणि बायोलॉजिक औषधं आल्यापासून असे रुग्ण कमी झालेत, ही मोठी गोष्ट आहे. तरीही जुना संधिवात असलेल्या माणसाला अचानक जोराची पोटदुखी झाली, शौच काळी किंवा रक्ताची झाली, तर ती ॲसिडिटी समजून घरी थांबू नये. आणि तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आपला संधिवात आणि चालू गोळ्या न विचारताही सांगाव्यात. ती माहिती फॉर्मवर उतरली, तरच आम्हाला कुठे शोधायचं ते कळतं.