नाचणीच्या बिस्किटाला मोहाची गोडी

हल्ली बचत गटांच्या कुठल्याही प्रदर्शनात चक्कर मारली, की नाचणीची, ज्वारीची, वरईची बिस्किटं हमखास दिसतात. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं आणि या पाकिटांना ऊतच आला. त्यातल्या काहींवर आता मोह, चारोळी, जांभूळ अशी रानातली नावंही झळकू लागली आहेत. नाव छापायला काय लागतं? त्या जिन्नसाला बिस्किटात काही काम आहे का, ते बघायला हवं. चारोळीचे चार दाणे वर टोचले तर ती सजावट झाली. मोह मात्र साखरेची जागा घेऊ शकतो.

मोहाचं झाड मार्च-एप्रिलात फुलतं. पानं गळून गेलेली असतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लोंबत असतात. फूल रात्री उमलतं, वटवाघळं त्यावर ताव मारतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडायला लागतो. खाली येतो तो फक्त फिकट पिवळ्या, मांसल पाकळ्यांचा पेला. फळ धरणारा भाग वर देठालाच राहतो, त्यामुळे सडा कितीही वेचला तरी फळं कमी होत नाहीत. पुढे त्याच फांद्यांवर फळं पिकतात आणि त्यांच्या बियांचं तेल आदिवासी घरांत वापरलं जातं. एकाच झाडाने गोड आणि स्निग्ध दोन्ही द्यावं, ही चैन उसालाही जमलेली नाही.

ताजं फूल दाताखाली रसाने फुटतं, पण त्याचा उग्र वास सगळ्यांनाच आवडतो असं नाही. उन्हात वाळलं की ते बेदाण्यासारखं तपकिरी आणि चिवट होतं. त्याच्या वजनात मग निम्म्याहून जास्त साखर असते. गडचिरोलीच्या माडिया-गोंड घरांत, मेळघाटात, पालघरच्या पाड्यांवर ही फुलं वर्षभरासाठी साठवली जायची आणि अडीअडचणीच्या दिवसांत पोटाला आधार व्हायची. फुलं भाजायची, तीळ किंवा जवसाबरोबर कुटायची आणि लाडू वळायचे. बिस्किटवाल्यांनी शोधलं असं यात फारसं काही नाही. त्यांनी फक्त भट्टी आणली.

एवढं असूनही मोह म्हटलं की आपल्याला दारूच आठवते. याला इंग्रजांचा अबकारी महसूल बराचसा जबाबदार आहे. 1892 साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा करून फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधनं घातली. स्वातंत्र्यानंतर दारूबंदीच्या नियमांनी तोच संशय पुढे चालवला. महाराष्ट्रात फुलांचा साठा आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठले ते थेट 2021 मध्ये. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. तिथे खाण्यासाठी मोह विकणाऱ्या बाईला आपलं गाठोडं कशासाठी आहे हे समजावून सांगावं लागत असेल, तर तिचा त्यात काय दोष?

आता ओव्हनकडे वळू. नाचणीत ग्लुटेन नसतं, म्हणून नुसत्या नाचणीचं बिस्कीट हातात घेताच भुगा होतो. त्यावर कारखान्यांनी काढलेला उपाय म्हणजे मैदा, आणि तो बहुतेक वेळा नाचणीपेक्षा जास्त. घरी तीन वाट्या नाचणीला एक वाटी कणीक पुरते. नाचणी मोड आणून, वाळवून दळलेली असली तर फारच उत्तम. बाळासाठी आपल्याकडे नाचणीचं सत्त्व करतात, त्यातली ही मोड आणण्याची पायरी मोठ्यांच्या बिस्किटालाही लागू आहे. मोड येताना पिष्टाची थोडी साखर होते आणि खनिजं अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ते नुसतं तक्त्यात न राहता अंगी लागावं, यासाठी ही खटपट.

मोहाची वाळलेली फुलं आधी हातावर चोळायची, म्हणजे आतले कडवट तुरे सुटतात. मग धुऊन कोमट पाण्यात भिजवायची आणि मिक्सरमधून गुळगुळीत लगदा काढायचा. तूप आणि थोडा गूळ फेसून त्यात हा लगदा, मंद आचेवर खमंग भाजून गार केलेलं पीठ, किंचित मीठ आणि चमचाभर सुंठ घालायची. सुंठेने मोहाचा उग्रपणा मऊ होतो. गोळा अर्धा तास झाकून ठेवावा, कारण नाचणी पाणी सावकाश पिते. घाई केली तर बिस्किटांना ओव्हनमध्ये तडे जातात.

पाककृतींच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, कडा सोनेरी झाल्या की काढा. इथे पीठ तपकिरी, मोहही तपकिरी, तेव्हा सोनेरी काय दिसणार! शिवाय मोहातली साखर बरीचशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते, ती नेहमीच्या साखरेपेक्षा लवकर करपते. म्हणून आच 150 अंशांच्या जवळपास ठेवायची आणि नाकावर विश्वास ठेवायचा. भाजलेल्या नाचणीचा वास घरभर झाला, की एक बिस्कीट उलटून तळ बघायचा. गरम असताना ती मऊच लागतात. ट्रेमध्येच गार होऊ द्यावी. मोह ओलावा धरून ठेवतो, तेव्हा डबा घट्ट झाकणाचा हवा आणि पावसाळ्यात आठवडाभराचीच करावीत.

चारोळीबद्दल दोनच वाक्यं. तिच्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, त्यामुळे भरडून घातली तर तूप थोडं कमी करता येतं. पण चढा भाव मिळतो म्हणून कच्ची फळं ओरबाडण्याची आणि फांद्याच तोडण्याची चढाओढ मध्य भारतातल्या जंगलांत चालते, तेव्हा ती जपून वापरलेली बरी.

मोहाची अडचण वेगळी आहे. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवायची जुनी रीत आहे. त्यातून वणवे लागतात, रोपं जळतात आणि फुलांत राख-माती येते. दारूला ती चालते, बिस्किटाला नाही. झाडाखाली जाळी बांधली, की फूल जमिनीला लागतच नाही. छत्तीसगडने खाण्याजोगी फुलं गोळा करायला हा मार्ग धरला, आणि 2021 मध्ये तिथल्या कोरबा भागातली वाळवलेली मोहफुलं फ्रान्सला रवाना झाली. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला आहे. आपल्याकडच्या ग्रामसभांना जाळ्या आणि कोरडी साठवण मिळाली, तर फुलं हंगामातच पडेल भावाने व्यापाऱ्याला देण्याची वेळ येणार नाही.

पौष्टिक म्हणून डबा संपवायचा नसतो, हेही सांगायला हवं. मोहाची साखर ही साखरच. मधुमेह असलेल्यांनी ती हिशेबात धरावी.

विकत घेणार असाल तर पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देणं बंधनकारक आहे. नाचणी पहिली आणि मोह साखरेच्या आधी असेल, तर जास्तीचे पैसे खुशाल मोजा. मैदा पहिला, साखर दुसरी आणि मोह शेवटून दुसरा असेल, तर पाकीट जागेवर ठेवा. त्यापेक्षा साधं ग्लुकोजचं बिस्कीट स्वस्त पडतं, आणि ते आपण रानातून आलो असं सांगतही नाही.