शेतजमिनीचे निवासीकरण आणि ओढ्याचे पाणी

शेतावर घरे उभी राहिली म्हणजे पीक गेले, एवढीच नोंद बहुधा होते. पाण्याचा हिशेब मागे राहतो. एक हेक्टर जमिनीवर १० मिलिमीटर पाऊस पडल्यास १०० घनमीटर पाणी होते. बांधबंदिस्तीच्या रानात त्याचा बराच भाग मुरतो. छपरे व डांबरी रस्ते यांवरून तो वाहून जातो. वाहत्या पाण्याचे प्रमाण ०.३ वरून ०.७ झाले असे धरल्यास ओढ्याकडे ३० ऐवजी ७० घनमीटर पाणी धावते, आणि तेही अल्पावधीत. भूजलाची भरती घटते, हे वेगळेच.

२००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने बांधकामास पर्यावरणविषयक पूर्वमान्यता आवश्यक ठरविली ती २०,००० चौरस मीटरपासून पुढे. पुण्याभोवतीची कित्येक शेते मात्र गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत. ओढा सर्वांचा एकच. आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेल्या पुरात माणसे दगावली. त्याची कारणे अनेक असतील. तथापि मूल्यमापनाचे एकक भूखंड नसून पाणलोट क्षेत्र असावयास हवे, हे त्यावरून उघड होते. त्यासाठी सातबाऱ्यावरील अकृषिक नोंदी वर्षवार नकाशावर मांडता येतात. गुंठेवारीच्या अनेक तुकड्यांची तशी नोंदच नसते. ते उपग्रहचित्रांवरून शोधावे लागतात.