देवळीच्या आकाशासाठी अँटेना

देवळीतल्या गच्च्यांवरच्या डीडी फ्री डिशच्या तबकड्या पाहिल्या, तर सगळ्यांचा रोख एकच: आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. त्या दिशेला, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. तो पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून खालून पाहणाऱ्याला जागचा हलताना दिसत नाही. मेकॅनिक येतो, मीटर लावून दिशा जुळवतो, नट आवळतो, आणि वादळाने डिश हलली नाही तर पुढची कित्येक वर्षे तिच्याकडे कोणी बघत नाही.

इंटरनेटसाठी आता ज्या उपग्रहांचे थवे सोडले जात आहेत, त्यांच्यापुढे हा नट निरुपयोगी आहे. ते साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून ताशी २७,००० किलोमीटरने धावतात. एक उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून जातो, तो मावळण्याआधी दुसरा धरावा लागतो, आणि मधल्या काळात कॉल तुटता कामा नये. हे काम करणारा अँटेना म्हणजे फेज्ड ॲरे: वरून पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखा सपाट, आत शेकडो छोटे अँटेना, आणि हलणारा भाग एकही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केले, तेव्हा गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांची नावे घेतली गेली. देवळी ज्या वर्धा जिल्ह्यात येते, त्याचे नाव त्यात नव्हते. पण पॅनेल गडचिरोलीत लागो की देवळीत, त्यावरचे आकाश जवळपास तेच आहे. हा अँटेना बनतो कसा, आणि तो नीट चालतो हे ठरवायचे कसे, त्याचा हा आढावा.

कल्याण ते गादंकी

अनेक अँटेनांकडून एकाचे काम करून घेण्याची कल्पना नवी नाही. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनंड ब्राउन यांनी १९०५ मध्ये तीन अँटेनांना वेगवेगळ्या वेळेची लहर देऊन रेडिओचा झोत हव्या त्या बाजूला वळवून दाखवला. १९०९ चे नोबेल त्यांना मार्कोनींबरोबर मिळाले.

महाराष्ट्रात ही विद्या आली ती सूर्य पाहण्यासाठी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गोविंद स्वरूप यांच्या गटाने ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ३२ लहान डिश १९६५ मध्ये कल्याणजवळ ओळीने मांडल्या आणि सूर्याच्या रेडिओ लहरी टिपल्या. त्याच गटाने १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी केली. तिच्या मध्यरेषेवर १,०५६ द्विध्रुव, म्हणजे छोटे डायपोल अँटेना, आहेत. पूर्व-पश्चिमेला दुर्बीण यंत्राने फिरते, पण उत्तर-दक्षिण दिशेला तिची नजर फिरते ती प्रत्येक द्विध्रुवाच्या लहरीची कला, म्हणजे फेज, बदलून.

उपग्रह दळणवळणाचा रस्ता वेगळा होता. आर्वी म्हटले की देवळीकराला आपल्याच जिल्ह्यातली आर्वी आठवते, पण देशाच्या दूरसंचाराच्या इतिहासातली आर्वी पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ आहे. परदेशी दळणवळणासाठीचे भारताचे पहिले भूकेंद्र तिथे उभे राहिले. विक्रम साराभाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्राचे लोकार्पण फेब्रुवारी १९७२ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. तिथली डिश जवळजवळ ३० मीटर व्यासाची होती. एक अवाढव्य तबकडी आणि समोर एक उपग्रह, असा तो काळ.

दोन्ही रस्ते जवळ आणले ते समीर या संस्थेने. टाटा संस्थेच्या मायक्रोवेव्ह गटातून निघालेली आणि १९८४ पासून स्वतंत्रपणे काम करणारी ही संस्था मुंबईत, पवईच्या आयआयटीच्या आवारात आहे. तिरुपतीजवळच्या गादंकी इथला एमएसटी रडार तिने उभारला. ५३ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या या रडारात यागी अँटेनांच्या १,०२४ जोड्या आहेत: ३२ रांगा, प्रत्येकीत ३२, आणि मैदान सुमारे १३० मीटर लांब-रुंद. त्याचा झोत वातावरणाच्या वेगवेगळ्या थरांतले वारे मोजतो. पुढे इस्रोने २००१ च्या टीईएस उपग्रहावर एक्स-बँडचा फेज्ड ॲरे बसवला, आणि २०१२ च्या रिसॅट-१ चा रडारही याच जातीचा होता.

तीच चौकट, ४० सेंटिमीटरची

गादंकीची ३२ बाय ३२ ची चौकट तशीच घ्या आणि तिला केयू बँडमध्ये, १२ गिगाहर्ट्झला आणा. ५३ मेगाहर्ट्झची लहर साडेपाच मीटरहून लांब असते, १२ गिगाहर्ट्झची फक्त अडीच सेंटिमीटर. अँटेना अर्ध्या लहरीच्या अंतराने, म्हणजे साडेबारा मिलिमीटरवर, मांडले तर १३० मीटरचे मैदान ४० सेंटिमीटरच्या पाटीत मावते. ताकदही कमी नाही. असे पॅनेल समोरच्या दिशेने सुमारे तीन हजार पट गेन देते, आणि झोताची रुंदी तीन-साडेतीन अंश असते.

झोत वळवायचे गणित शाळकरी आहे. सरळ वर पाहायचे असेल तर सगळ्या अँटेनांच्या लहरी एकाच क्षणी एकाच टप्प्यावर हव्यात. झोत ३० अंश कलवायचा असेल तर प्रत्येक रांगेला शेजारच्या रांगेपेक्षा ९० अंश मागे ठेवायचे, ६० अंश कलवायचा असेल तर १५६ अंश. प्रत्येक अँटेनामागच्या चिपमध्ये हा फरक आकड्याने भरता येतो, आणि झोत डोळ्याचे पाते लवण्याआधी दुसरीकडे जातो.

खरी ओढाताण अंतराची असते. अँटेना दूर-दूर मांडले तर चिपा कमी लागतात, उष्णता कमी होते, पैसे वाचतात. पण अंतर वाढले की झोत कलताना दुसऱ्याच बाजूला तितकाच जोरदार खोटा झोत उगवतो. पूर्ण लहरीचे अंतर ठेवून ३० अंश उजवीकडे वळवा, ३० अंश डावीकडे जुळा भाऊ हजर. गादंकीला झोत जेमतेम २० अंशांपर्यंत कलवायचा असल्याने तिथे लहरीच्या सात-दशांश अंतर चालून गेले. उपग्रहाच्या मागे ६० अंशांपर्यंत धावणाऱ्या पॅनेलला अर्ध्या लहरीच्या फार पुढे जाता येत नाही.

शिवाय शेजार असतो. इतक्या दाटीत एका अँटेनाची ऊर्जा बाजूच्यात शिरते. मधल्याला चारी बाजूंनी शेजारी, कडेच्याला एका बाजूला मोकळे, म्हणून दोघे सारखे वागत नाहीत. काही कोनांवर हा शेजार इतका जुळून येतो की पॅनेल त्या दिशेला जवळपास आंधळे होते. संगणकावरचे अनुकरण याचा अंदाज देते, पण छापील सर्किटच्या थराची जाडी, डाग दिलेला जोड, चिपांमधला फरक हे सगळे त्या अनुकरणात नसते. ते मोजल्यावरच कळते.

मोजणी

अँटेना मोजायचा तर त्यापासून पुरेसे दूर जावे लागते. रुंदीच्या वर्गाची दुप्पट भागिले लहरीची लांबी, हे ते अंतर. आर्वीच्या डिशला ४ गिगाहर्ट्झवर ते सुमारे २४ किलोमीटर पडते. म्हणून अशा राक्षसी डिश आकाशातल्या रेडिओ ताऱ्यांवर किंवा थेट उपग्रहावर रोखून मोजतात. आपल्या ४० सेंटिमीटरच्या पाटीला, कर्ण धरला तर, २५-२६ मीटर पुरतात. पण तेवढे लांब, भिंतींवरून प्रतिध्वनी न येणारे दालन बांधणे खर्चिक असते.

त्यावरचा तोडगा म्हणजे जवळून मोजणे. दालनाच्या भिंतींना लहरी शोषणारे फोमचे टोकदार सुळके, मध्ये पॅनेल, आणि त्याच्यासमोर काही सेंटिमीटरवर एका चौकटीत सरकणारा छोटा प्रोब. तो दर १२ मिलिमीटरला थांबून लहरीची ताकद आणि कला नोंदवतो. एक मीटर लांब-रुंद जागेला अशा सात हजारांवर नोंदी होतात. मग फूरियेच्या गणिताने दूरवर झोत कसा दिसेल ते काढले जाते. प्रोब पुढे-मागे एक मिलिमीटर चुकला तर कलेत १४ अंशांहून जास्त चूक शिरते, म्हणून चौकटीची सपाटी मिलिमीटरच्याही अंशात सांभाळावी लागते. केबल वाकली, खोली तापली, तरी आकडे हलतात. आणि झोत ६० अंश कललेला असेल तर त्याची ऊर्जा चौकटीच्या बाहेरून निसटते. तेव्हा प्रोबला पॅनेलभोवती गोलाकार फिरवणेच बरे.

हे झाले सगळ्या पॅनेलचे. एकेका अँटेनाची चूक शोधायची एक सुंदर रीत जपानी अभियंत्यांनी १९८० च्या दशकात मांडली. १,०२३ अँटेना स्थिर ठेवायचे आणि एकाचीच कला पूर्ण ३६० अंश फिरवायची. एकूण ताकद किंचित वर-खाली होते. ती सर्वांत जास्त कुठे झाली ते पाहिले की हा गडी इतरांशी किती अंशांनी बेसूर आहे ते समजते. मग पुढचा. चुकांची सरासरी २० अंश राहिली तरी मुख्य झोताची ताकद अकरा-बारा टक्केच घटते. पण हरवलेली ऊर्जा आजूबाजूला सांडते, आणि दुखणे तिथेच सुरू होते.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण हेच काम आकाशाकडून करून घेते. ४५ मीटरच्या तिच्या ३० डिशचे संकेत पल्सारसाठी एका सुरात जोडायचे असतील, तर आधी ओळखीच्या रेडिओ स्रोताकडे पाहून सगळ्यांची कला जुळवतात, आणि ठरावीक वेळाने पुन्हा जुळवतात. एकदा जुळले म्हणजे जुळलेले राहते, असे तिथे कोणी मानत नाही.

देवळीवरचे आकाश

देवळी साधारण २०.६५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथून जीसॅट-१५ सारख्या भूस्थिर उपग्रहांचा पट्टा दक्षिणेला ६५-६६ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून तो फक्त २४ अंश खाली आहे. लंडनहून पाहिले तर हेच अंतर ५९ अंश. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांनुसार खालच्या कक्षेतल्या सेवेने या पट्ट्यातल्या उपग्रहांना त्रास द्यायचा नाही, म्हणून त्या दिशेजवळचे उपग्रह वापरणे टाळावे लागते. लंडनमधल्या पॅनेलच्या नजरेच्या कडेला असलेला हा निषिद्ध पट्टा देवळीत ऐन मधोमध, पॅनेल सर्वांत ताकदवान असते तिथेच, येतो. बाजूला सांडणारी ऊर्जाही इथे पट्ट्यावर सहज पडते. त्यात ५३ अंश कललेल्या कक्षांमधले उपग्रह त्या अक्षांशाजवळ दाटीने असतात, विदर्भावर विरळ. दोन्हींचा परिणाम एकच: देवळीतल्या पॅनेलला तिरके पाहण्याचे काम जास्त.

तिरके पाहणे किती महाग पडते ते बघा. उपग्रह क्षितिजापासून २५ अंशांवर असेल तर तो ५५० ऐवजी सुमारे १,१२० किलोमीटर दूर असतो. तेवढ्याने ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. वर सपाट पॅनेल त्या कोनातून निम्म्याहून अरुंद दिसते. दोन्ही मिळून सुमारे दहापट घट. त्यावर आषाढातला पाऊस, जो केयू बँडचे नुकसान करतो आणि आणखी छोट्या लहरींच्या केए बँडचे त्याहून जास्त. आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढचे ऊन, ज्यात चिपा तापतात आणि थंड दालनात जुळवलेली कला सरकते.

हे तपासायला सगळेच महाग लागत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला देवळीत सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका जीसॅट-१५ च्या मागे येतो आणि फ्री डिशचा सिग्नल काही मिनिटे ढासळतो. घरात वैताग देणारी ती मिनिटे अँटेनाच्या परीक्षेचा फुकटचा पेपर आहेत. सूर्याचा रेडिओ आवाज किती आहे हे माहीत असते, तो अँटेनात किती चढला यावरून अँटेनाचा दर्जा काढता येतो. गच्ची, मीटर आणि वही एवढ्यावर वर्धा-सेवाग्रामच्या अभियांत्रिकीच्या मुलांना हे जमण्यासारखे आहे.

शाळेसाठी, आरोग्य केंद्रासाठी उद्या सरकारी पैशातून पॅनेल घेतली जातील, तेव्हा निविदेत वेगाचा आकडा असेलच. त्याच्याखाली आणखी तीन आकडे मागावेत: ६० अंश कललेल्या झोताचा मोजलेला गेन, भूस्थिर पट्ट्याच्या दिशेने सांडणारी मोजलेली ऊर्जा, आणि हे दोन्ही ४५ अंश तापमानात. कल्याणपासून गादंकीपर्यंतच्या प्रत्येक ॲरेने आपली किंमत मोजणीतूनच सिद्ध केली. विकणाऱ्याकडे हे तीन आकडे नसतील, तर त्याचे पॅनेल देवळीसाठी बनलेले नाही एवढे समजावे.