गाडी लावायची जागा कुणाची?

दरेकसा गावात गाडी कुठे लावायची, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. अंगण आहे, झाडाची सावली आहे. माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते, तेवढे दिवस सोडले तर गाड्यांची दाटी अशी नाहीच. पण आता दरेकसा, सालेकसा, आमगावकडची कितीतरी मुलं-मुली नागपूर-पुण्याला नोकरी करतात. तिथे फ्लॅट घ्यायचा तर गावाकडचा पैसा लागतो, कधी आईचे दागिनेही मोडतात. आणि नेमकं तेव्हाच कानावर येतं, "पार्किंगचे वेगळे पडतील हं!"

गाडीचं काय ते पुरुष बघतील, म्हणून आपण गप्प बसतो. पण मैत्रिणींनो, पैसा घरचा आहे आणि उद्याची भांडणंही घरच्याच दारात येणार आहेत. तेव्हा थोडं समजून घेऊ या.

मुंबईत दहिसरला पांचाली नावाची सोसायटी आहे. इमारतीखाली खांबांमधल्या जागेत, म्हणजे स्टिल्टमध्ये, गाड्यांसाठी २५ जागा होत्या. त्या माझ्याच, असं बिल्डरचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ३१ ऑगस्ट २०१० ला निकाल लागला, आणि तो सोसायटीच्या बाजूने. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे उघडी किंवा स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, ती सगळ्यांच्या सामायिक वापराची, असं न्यायालयाने सांगितलं.

पुढे २०१६ चा रेरा कायदा आला. त्यातही उघडं पार्किंग सामायिकच धरलंय. गॅरेज किंवा छताखालच्या पार्किंगचे पैसे मात्र घेता येतात, हे महारेराने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून नव्या प्रकल्पात पैसे मोजण्याआधी विचारा, जागा उघडी की छताखालची? महारेराच्या २०२४ च्या आदेशाप्रमाणे छताखालच्या जागेची लांबी, रुंदी, उंची आणि ती नेमकी कुठे आहे, हे करारात लिहून द्यावं लागतं. नुसत्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

खरी कसोटी राहायला गेल्यावर लागते. समजा २४ घरं, २० गाड्या आणि जागा १५. मग जो दांडगा त्याची जागा, असं होतं. एकाच्या दोन गाड्या आत, आणि रात्रपाळी करून आलेल्या नर्सबाईंची गाडी बाहेर रस्त्यावर! त्यातून चाकाची हवा सोडणं, लहान मुलांनीही एकमेकांशी न बोलणं, इथवर मजल जाते.

यावर उपाय सोसायटीच्या आदर्श उपविधींतच आहे. साधारणपणे एका सदस्याला एकच जागा. सगळ्यांना देऊन उरली, तरच कुणाला दुसरी, आणि तीही वर्षापुरती. जागा कमी नि गाड्या जास्त असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. सोसायटीने दिलेली जागा सदस्याला परस्पर विकता येत नाही. शुल्क किती, ते सर्वसाधारण सभा ठरवते. यंदा ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचा पुढच्या वर्षी आधी विचार व्हावा, रात्री उशिरा येणाऱ्या बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना उजेडातली, जवळची जागा मिळावी, असे मुद्दे सभेत मांडायला काय हरकत आहे?

हे मांडणार कोण? फ्लॅटवर आपलं नाव असेल तर आपणच! शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव नवऱ्याचं असलं आणि ते हजर नसले, तर दुसऱ्या नावाच्या बाईला सभेत मत देता येतं. कमिटीतही बायकांसाठी राखीव जागा असतात. त्या नुसत्या सहीपुरत्या ठेवू नका. ठरलेलं इतिवृत्तात लिहिलं गेलंय ना, तेही बघा. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाका, नि वाटपाची यादी सूचना फलकावर लावा. तरीही दाद मिळाली नाही तर सहकार न्यायालय आहे, पण तिथे जायची वेळ क्वचितच यावी.

तेव्हा लेक शहरात घर बघायला निघाली की स्वयंपाकघर, बाल्कनी जरूर बघा. पण एक चक्कर खाली पार्किंगमध्येही मारा, आणि विचारा, "इथे चिठ्ठ्या टाकतात का हो?"