गूगलचा नवा माल आता खपतो का?

आज पानवाल्यापासून कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंत सर्वांना गूगलचे नाव ठाऊक आहे. पत्ता शोधायचा तर गूगल, पैसे घ्यायचे तर गूगल पे. मात्र ज्या वस्तूंवर या कंपनीचा बोलबाला आहे, त्यांची जन्मसाले पाहिली तर माणूस विचारात पडतो. शोधयंत्र १९९८ चे, जीमेल २००४ चे, नकाशे २००५ चे, क्रोम २००८ चे. यूट्यूब तर तिने घडवलेच नाही. २००६ मध्ये १६५ कोटी डॉलर मोजून ते चालते दुकान विकत घेतले. अँड्रॉइडही २००५ मध्ये विकत घेतलेल्या एका छोट्या कंपनीचे.

त्यानंतरही पुष्कळ माल बाजारात आला आणि बराचसा उठला. फेसबुकशी टक्कर घ्यायला २०११ मध्ये काढलेले गूगल प्लस २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाले. स्टेडिया ही खेळांची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये निघाली आणि जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळली गेली. (गिऱ्हाइकांचे पैसे परत केले, एवढे मात्र मानले पाहिजे.)

भांडवल कमी पडले म्हणावे तर तसे नाही. २०२३ मध्ये मूळ कंपनी अल्फाबेटची एकूण मिळकत सुमारे ३०७ अब्ज डॉलर होती आणि त्यातले सुमारे २३८ अब्ज एकट्या जाहिरातींतून आले. खरी अडचण इथेच आहे. एवढ्या गल्ल्यापुढे नव्या वस्तूची कमाई चिल्लर वाटते. जो धंदा आपल्यापैकी कोणाच्या सात पिढ्यांना पुरला असता, तो तिथे ठेवण्याजोगा ठरत नाही.

तरी यश आलेच नाही असे नव्हे. २०१५ च्या गूगल फोटोजने चार वर्षांत १०० कोटी गिऱ्हाइके जोडली. २०१७ मध्ये भारतासाठी काढलेले 'तेज' पुढच्याच वर्षी गूगल पे झाले. पण तेजच्या आधी, २०१६ मध्ये, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआयचा रस्ता बांधून ठेवला होता आणि लोकांच्या हातात अँड्रॉइड फोन होतेच. कृत्रिम बुद्धिमत्तेत तर उलटेच घडले. आजच्या बोलक्या यंत्रांचा पाया असलेली ट्रान्सफॉर्मर पद्धत २०१७ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी मांडली. बाजार मात्र २०२२ मध्ये ओपनएआयच्या चॅटजीपीटीने मारला. गूगलने २०२३ मध्ये घाईने बार्ड आणले, २०२४ मध्ये त्याचे नाव जेमिनी केले आणि ते आपल्या फोनमध्ये व इतर सेवांमध्ये बसवले. ते वापरात आले खरे, पण त्यात मालाचा गुण किती आणि मोक्याच्या जागेचा किती, हे वेगळे काढणे कठीण.

या धरसोडीची झळ छोट्या दुकानदारालाही लागते. गूगल दुकानांना फुकट संकेतस्थळ बनवून देत असे. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. जूनपर्यंत जुना पत्ता दुकानाच्या गूगलवरील नोंदीकडे नेत होता, पुढे तोही थांबला. ज्यांनी तो पत्ता पाटीवर, पावतीपुस्तकावर छापला होता, त्यांची छपाई वाया गेली. ज्यांनी वर्षाला थोडे पैसे भरून स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला होता, त्यांना तोच पत्ता दुसरीकडे जोडता आला. त्याच वर्षी जुलैअखेर दुकानाच्या नोंदीवरून गिऱ्हाइकाशी संदेशाने बोलण्याची सोयही काढून घेतली. नकाशावरची नोंद मात्र फुकट चालू राहिली. ती बंद करणे गूगललाच परवडणारे नाही, कारण शोध आणि जाहिरात या तिच्या जुन्या धंद्याला कच्चा माल तिथूनच मिळतो.