बलवर्धनाकडून स्नायुवृद्धीकडे : भारप्रशिक्षणातील बदलाचे स्वरूप

ज्याचे दंड जाड तो बलवान, हे समीकरण आखाड्यापासून महाविद्यालयीन जिमखान्यापर्यंत रूढ आहे. शरीरक्रियाशास्त्राला ते पूर्णतः मान्य नाही. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा वजनगटांनुसार होतात आणि खेळाडू वजनगट न बदलता वर्षानुवर्षे अधिकाधिक भार उचलत जातो. बल आणि आकार एकच असते, तर हे घडले नसते.

मोरितानी व डीव्हराइस यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा उलगडा आढळतो. प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतील बलवृद्धी प्रामुख्याने चेतासंस्थेमुळे होते. स्नायूंच्या वाढीचा वाटा त्यानंतर वाढू लागतो. जड भाराच्या सरावाने अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामास लावण्याची क्षमता येते. शिवाय ती विशिष्ट हालचाल अंगवळणी पडते. म्हणूनच बलवर्धनाच्या सरावात कमाल भाराच्या सुमारे ८५ टक्के किंवा अधिक वजन, एका संचात १ ते ५ आवर्तने आणि संचांमध्ये ३ ते ५ मिनिटांची विश्रांती अशी योजना असते.

स्नायुवृद्धी हे उद्दिष्ट ठरल्यावर महत्त्व येते ते एकूण कार्यभाराला. ज्याची स्क्वॉटमधील कमाल क्षमता १०० किलो आहे, त्याने ९० किलो वजनाची ३ आवर्तने ५ संचांत केल्यास एकूण १३५० किलो भार उचलला जातो. ७० किलो वजनाची १० आवर्तने ४ संचांत केल्यास तोच आकडा २८०० किलो होतो. बारवरील वजन घटले, परंतु स्नायूंनी केलेले काम दुपटीहून अधिक झाले. प्रत्येक स्नायुगटासाठी आठवड्याला सुमारे १० किंवा अधिक संच, दोन दिवसांत विभागून, ही आज सर्वसाधारणपणे सुचविली जाणारी मात्रा आहे.

तथापि ८ ते १२ या आवर्तनसंख्येत काही जादू आहे असे नव्हे. (दहाच्या आकड्याचा प्रसार ज्यांच्यामुळे झाला, त्या डीलॉर्म यांनी १९४५ साली तो मांडला होता जखमी सैनिकांचे बल परत आणण्यासाठी!) शोनफेल्ड व सहकाऱ्यांनी २०१४ साली सरावलेल्या पुरुषांचे दोन गट केले. एकाने ३ आवर्तनांचे ७ संच केले, दुसऱ्याने १० आवर्तनांचे ३ संच. एकूण कार्यभार जवळपास समान राखला. आठ आठवड्यांनंतर दंडाच्या स्नायूंची वाढ दोन्ही गटांत सारखीच आढळली; बेंच प्रेसमधील बल मात्र जड भाराच्या गटात अधिक वाढले. परंतु त्या गटाला एका सत्रासाठी तासाहून अधिक वेळ लागत असे, तर दुसऱ्याला सुमारे १७ मिनिटे. मध्यम भाराचा खरा लाभ हा असा व्यावहारिक आहे. विश्रांती एका मिनिटावर आणण्याचा प्रघातही तपासून घ्यावा लागतो, कारण याच संशोधकाच्या २०१६ सालच्या अभ्यासात ३ मिनिटांची विश्रांती स्नायुवृद्धीसही अधिक उपकारक ठरली.

या बदलात विद्यार्थी गोंधळतो तो मोजमापाच्या बाबतीत. दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा कमाल वजन उचलून पाहतो. ते वाढलेले नसते, क्वचित घटलेलेही असते. आपली अधोगती झाली अशी समजूत करून घेऊन तो योजना सोडतो किंवा महागड्या पावडरीच्या डब्याकडे वळतो. वस्तुतः जड भार हाताळण्याचा सराव थांबल्याने हालचालीतील कौशल्य तात्पुरते बोथट झालेले असते. मुख्य व्यायामाचा एखादा जड संच आठवड्यातून एकदा ठेवल्यास ही घट बरीच टळते. या काळात प्रगती पाहावयाची ती दंड व मांडीच्या घेरात, आणि ठरावीक वजनाची किती आवर्तने वाढली यात.

आहाराचा प्रश्न मात्र अधिक बिकट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. भारप्रशिक्षण घेणाऱ्यांविषयीच्या अभ्यासांचे २०१८ साली जे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत लाभ दिसून आला. म्हणजे ६० किलो वजनाच्या विद्यार्थ्यास ५० ऐवजी ९६ ग्रॅम. वसतिगृहाच्या खानावळीतील पोळी, भात व पातळ आमटी यांतून ही गरज भागणे दुरापास्त आहे. अंडी, दूध, सोयाबीन, शेंगदाणे किंवा फुटाणे यांची जोड कोठून व किती खर्चात मिळेल, हे संचांची संख्या वाढविण्यापूर्वीच ठरवावे लागते.